अभिची चिठ्ठी

पुणे, 7 एप्रिल 2024

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्ध्यावरच राहिलं. "ठेवतो आता, बातम्या लागल्या" असं बाबा म्हणाले तेव्हाच कळलं, विषय बंद. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले.

मतदारयादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई लोकसभेच्या मतदानाच्या तीन चिठ्ठ्या घेऊन आल्या होत्या, बाबांनी दोनच घेतल्या आणि "पोरगा येत नाही, त्याची राहू द्या" म्हणाले, हे आईनं सांगितलं. शेजारच्या काकू दारातच होत्या, त्यांनीही जोडलं, "त्याले काहून नेता बाप्पा गर्दीत!" आत अभि कूलरसमोर बसला होता. त्याला ऐकू गेलं असणार. त्याला सगळं ऐकू जातं, आपणच विसरतो.

बाबा, तुम्ही म्हणालात की डोक्याचा आजार असला की मत देता येत नाही, तसा कायदाच आहे. मी वाचून काढलं. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या सोळाव्या कलमात मतदारयादीतून वगळण्यासाठी दोन गोष्टी लागतात: माणूस विकल मनाचा असायला हवा आणि सक्षम न्यायालयानं तसं जाहीर केलेलं असायला हवं. अभिला कुठल्या कोर्टानं जाहीर केलंय? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तर स्पष्टच आहे की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही. गोळ्यांची चिठ्ठी म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. 2019 ला चेन्नईच्या किलपॉकच्या मनोरुग्णालयात तर आवारातच बूथ लावला होता आणि तिथल्या रुग्णांनी मतं दिली. आपला तर घरात राहतो, आईला कोथिंबीर निवडून देतो.

आणि हे मी तुम्हाला सांगावं? तुम्ही किती निवडणुकांत केंद्राध्यक्ष होतात! पेट्या घेऊन परत आलात की आम्ही दोघं तुमच्याभोवती बसायचो. दोन रुपये भरून उमेदवाराचा एजंट मतदाराला आव्हान देतो, तो किस्सा तुम्ही कितीदा रंगवून सांगितलाय. पण ते आव्हान कसलं असायचं? हा तोच माणूस आहे का, एवढंच. याचं डोकं ठिकाणावर आहे का, हे कधी कोणी विचारलं? ज्याची रात्रीची उतरलीही नव्हती असा एकजण भिंत धरून आला होता, त्याच्याही बोटाला शाई लागलीच ना.

"तो कोणाला देईल, काय भरवसा," हे तुमचं दुसरं म्हणणं. आजीला तुम्ही दर वेळी घरून चिन्ह पढवून न्यायचात. बाहेर आली की ती नुसती हसायची. मरेपर्यंत सांगितलं नाही कोणाला दिलं ते.

2019 चं तुमच्या एकट्यावर ढकलत नाही. तेव्हा मीच फोनवर म्हटलं होतं, राहू द्या, उगाच त्याला ताण. तुम्ही दोघं मत देऊन आलात आणि रात्री व्हिडिओ कॉलवर त्यानं आपली डावी तर्जनी कॅमेऱ्यासमोर धरली. कोरी. काही बोलला नाही. मी विषय बदलला, आईच्या गुडघ्यांचं विचारलं. ते बोट पाच वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मत दिल्यानं तो बरा होईल असं मी म्हणत नाहीये. पण आई, एक विचार करून बघ. गोळी जिभेखाली दडवली का, हे तू तोंड उघडायला लावून बघतेस. बाबा पानठेल्यापर्यंत दहा पावलं मागून जातात. बाथरूमची आतली कडी आपणच काढून टाकली. तेव्हा ते बरोबरच होतं. पण मतदानाच्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्याच्याबरोबर तूही जाणार नाहीस, मीही नाही. बटण दाबलं की मताची कागदी चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते आणि खाली पडते. इतक्या वर्षांत तेवढा वेळ तरी तो कोणाच्या नजरेत नसेल.

भीती मलाही आहे. मशीन आपल्याकडे बघतंय असं त्याच्या मनात आलं तर? लांब बीपनं दचकला तर? म्हणून गेल्या आठवड्यात त्याच्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, आधी नीट समजावून न्या आणि ऐन वेळी नको म्हणाला तर आग्रह करू नका. बाबा, इथे तुमचीच गरज आहे. कागदावर मशीन काढून दाखवा: निळं बटण, लाल दिवा, मग बीप. आधी नाव मोठ्यानं पुकारतात, तेही सांगा, कारण अनोळखी तोंडून स्वतःचं नाव ऐकलं की तो बिचकतो. आणि तेवढे दिवस टीव्हीवरच्या त्या भांडणाऱ्या चर्चा बंद ठेवा. त्या मलाच सोसत नाहीत.

वेळेचं मी ठरवलंय. रात्रीच्या गोळीची गुंगी आठ-साडेआठपर्यंत असते आणि दहानंतर आपल्या नागपूरचं ऊन. या गोळ्यांवर असलेल्यांना उष्णता लवकर बाधते, म्हणून 19 ला साडेआठला निघायचं. डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी. रांग मोठी असली तर घरी येऊ, संध्याकाळी पुन्हा जाऊ, सहापर्यंत असतंच. मी 18 च्या सकाळी पोचतेय, रजा टाकली आहे. तेव्हा "तिकडे बसून सांगायला काय जातं" हे आईचं वाक्य या वेळी चालणार नाही.

चिठ्ठी नसली तरी अडत नाही, यादीत नाव आहे, मी बघितलं. ओळखपत्र मात्र हवं. ते गोदरेजच्या कपाटात, माझ्या दहावीच्या मार्कशीटखाली असेल. 2012 च्या महापालिकेला त्यानं ते एकदाच वापरलं, आजाराच्या आदल्या वर्षी. फोटोत त्याला नुकती मिशी फुटतेय. सापडलं की त्याच्याच हातात दे, आई. तुझ्या पर्समध्ये ठेवू नकोस.

तुमची,
ताई
(अभि मला तेच म्हणतो, म्हणून)