‘धडधड’ म्हणजे ‘टॅकिकार्डिया’ नव्हे

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आरोग्याच्या मजकुरात ‘टॅकिकार्डिया म्हणजे छातीत धडधड’ असे सर्रास छापून येते. पण धडधड जाणवते, तर टॅकिकार्डिया मोजावा लागतो. प्रौढ माणूस स्वस्थ बसला असताना ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले, की तो टॅकिकार्डिया. ग्रीकमध्ये ‘टाखिस’ म्हणजे जलद आणि ‘कार्डिया’ म्हणजे हृदय. (मुळात ‘च’ नाही, त्यामुळे ‘टॅचिकार्डिया’ हेही चूकच.) तान्ह्या बाळाचे १४० ठोके मात्र नेहमीचेच.

धडधड होत असतानाही नाडी ७८ भरू शकते. एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर खंड, आणि पुढचा ठोका जोराने छातीत आदळतो. उलट, अंगात रक्त कमी असलेल्या बाईची नाडी ११५ असते, तरी ती धडधडीचे नावही काढत नाही. ‘जिना चढवत नाही’ एवढेच म्हणते.

सोलापुरात हे जास्त जपावे लागते. इथे दवाखान्यात कुणी ‘धडधडतंय’ म्हणतो, कुणी तेलुगूत ‘गुंडे दड’, कुणी कन्नडमध्ये ‘एदे डवडव’. तिन्ही शब्द जाणिवेचे, आकड्याचे एकही नाही. ‘घाबरं होतंय’ हे तर धाप, भीती आणि धडधड या तिन्हींसाठी चालते, तेव्हा नेमके काय होते ते विचारूनच घ्यावे. ‘धडकी भरली’ हे निव्वळ भीतीचे.

नाडी पाहण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे. नुकताच चहा घेतलेला किंवा तंबाखू खाल्लेली नसावी. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटे ठेवावीत. अंगठ्याने पाहू नये, त्यात स्वतःचीच नाडी लागते. घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजावे. १५ सेकंद मोजून चारने गुणले, तर एका ठोक्याची चूक चारची होते. ताप एक अंश सेल्सिअसने चढला तर साधारण १० ठोके वाढतात. आपल्या उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झाले तरी वाढतात. पण धडधड बटण दाबावे तशी एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल, तर त्रास चालू असतानाच ईसीजी काढून घ्यावा. सोबत छातीत दुखणे, भोवळ किंवा धाप असेल तर लगेच १०८ ला फोन करावा.

आपल्या वृत्तपत्राने मोजलेल्या गतीसाठी ‘जलद हृदयगती’ आणि जाणिवेसाठी ‘धडधड’ असे दोन शब्द कायम वेगळे ठेवावेत, ही विनंती.

— एक परिचारिका, सोलापूर