एस्टोनियन दुभाषी ताईंना, घाटंजी तालुक्यातून

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते.

भाऊ एस्टोनियातल्या तार्तूला शिकायला आहे. जानेवारीत बर्फावरून घसरला, डोक्याला मार लागला, सहा दिवस शुद्ध नव्हती. डॉक्टर इंग्रजी बोलत, ते मला कळायचं. पण आईचा एकच धोशा, "जिनं माह्या पोराले उचललं, तिच्याशी मले बोलाचं हाय." ती म्हणजे भावाची घरमालकीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. त्यांना इंग्रजी येत नाही.

शहरातल्या एका एजन्सीनं आगाऊ पैसे घेतले आणि फोनवर रशियनवाला बसवला. "तिकडं सगळ्यांना रशियन येतं," म्हणे. आजी हो-नाहीच्या पुढं जाईनात. आईनं त्याचा अर्थ भलताच लावला. पोरगं गेलं, आपल्यापासून लपवून ठेवतात, असं धरून बसली. दोन दिवस अन्नाला शिवली नाही. एजन्सीला सांगितलं तर उत्तर आलं, "आमचं काम झालं, उरलेले पैसे पाठवा." हे मी विसरणार नाही.

एस्टोनियन बोलणारी माणसं जगात ११ लाखांच्या आसपास. आपल्या एका यवतमाळ जिल्ह्यात २०११ सालीच २७ लाखांवर लोक होते. त्यात मराठी येणारा दुभाषी मिळेल असं मला वाटलंच नव्हतं. तुम्ही कशा सापडलात ते जाऊ द्या. आजी गप्प का होत्या, हे तुमच्यामुळं कळलं, आणि तेही तुम्ही त्यांना विचारूनच सांगितलंत. मार्च १९४९ मध्ये सोव्हिएत सत्तेनं एस्टोनियातून २०,००० वर माणसं गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरियाला नेली. त्यांत आजी होत्या, आईच्या कडेवर. रशियन त्यांना समजतं, पण त्या भाषेत मनातलं निघत नाही. त्यांची भाषा रशियनच्या नात्यातलीही नाही, फिनिशच्या घरातली आहे. पैसे घेण्याआधी एवढं तरी पाहायला नको?

त्या संध्याकाळी आई कापूस वेचून आली तशीच गच्चीवर बसली, रेंज तिथंच येते. दोन्ही हातांनी मोबाईल धरलेला, बोटांना बोंडांचे ओरखडे. "काकू, वऱ्हाडीतच बोला, मला समजते," इथूनच तुम्ही सुरुवात केलीत. आजी बोलत होत्या, तुम्ही सांगत होतात. मधेच थांबलात. म्हणालात, "काकू, हा शब्द मी सांगत नाही, तुम्हीच ऐका." आजींना पुन्हा म्हणायला लावलंत. पलीकडून थरथरत्या आवाजात आलं, "मु पोएग."

आईनं माझ्याकडं पाहिलं. "पोरगं म्हन्ते का व ते?"

"हो काकू. माझा पोरगा म्हणतात त्या."

आई तोंडाला पदर लावून रडली. तुम्ही घाई केली नाहीत, फोन ठेवला नाहीत, उगाच धीराचे शब्दही घातले नाहीत. पलीकडं आजी रडत होत्या, ते आम्हाला ऐकू येत होतं. त्या रात्री आई भाकर खाऊन झोपली. कामाचे पैसे सगळेच घेतात, ताई. पण तो एक शब्द तुम्ही तसाच माझ्या आईच्या हाती दिलात.

भाऊ आता हिंडतो-फिरतो. जूनमध्ये येईल. परत जाताना आई त्याच्यासोबत मूगवड्यांच्या दोन पिशव्या देणार आहे, एक तुमची, एक आजींची. त्या कशा शिजवायच्या ते आजींना तुम्हीच सांगा.