आइसलंडला निघण्याआधी

नवी दिल्ली, नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई गप्पच झाली आणि बाबांनी "अभिनंदन" म्हणून फोन तिच्याकडे देऊन टाकला, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आइसलंडमध्ये राजदूत म्हणून जायला मी होकार कळवला आहे. आधी सांगितलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या देशाची संमती येईपर्यंत नाव घरातसुद्धा फोडायचं नसतं.

बाबा, मी पेपरातली नोकरी सोडली ही तुमच्या मनातली सल मला ठाऊक आहे. 2001 च्या जुलैत युनिट ट्रस्टने यूएस-64 या गुंतवणूक योजनेच्या युनिटांची खरेदी-विक्री थांबवली, तेव्हा ती बातमी मीच करत होते आणि तुम्ही आपल्या युनिटांबद्दल एक शब्द काढला नाहीत. ताळेबंद वाचायचा आणि त्यात जे लिहिलेलं नाही तेच विचारायचं, हे मी त्या दिवसांत शिकले. परराष्ट्र सेवेतही तेच करत आले. फरक एवढाच, की आता ते छापून येत नाही, दिल्लीला कळवलं जातं. लंडनच्या 'टाइम्स'चे अर्थसंपादक पीटर जे 1977 मध्ये थेट वॉशिंग्टनला राजदूत झाले, तेव्हा सासरे पंतप्रधान म्हणून केवढा गदारोळ झाला होता. मी परीक्षा देऊन, थर्ड सेक्रेटरीपासून चढत आले, हे चारचौघांत तुम्हीच अभिमानाने सांगता.

आणि हा देश माझ्यासारखीला सोडवणार नाही. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या. मी ज्यांना परिचयपत्र देणार, त्या राष्ट्राध्यक्ष हाल्ला टोमासडोत्तिर यांनी 2007 मध्ये भागीदारीत काढलेली गुंतवणूक कंपनी त्या पडझडीतून तरली. शिवाय आइसलंड, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि लिश्टेनस्टाइन यांच्याशी आपला व्यापार करार 1 ऑक्टोबरपासून लागू झाला आहे. पंधरा वर्षांत 100 अब्ज डॉलर गुंतवणुकीचं उद्दिष्ट आहे. कागदावरचा आकडा खरा करायला कुणीतरी तिथे बसून पाठपुरावा करावा लागतो. ते काम मला येतं, बाबा.

आई, थंडीची काळजी करू नकोस. रेकयाविकमध्ये जमिनीतलं गरम पाणी नळांतून फिरवून घरं तापवतात, घरात स्वेटरही लागत नाही. त्या पाण्याला गंधकाचा वास येतो म्हणे, पण आपल्या उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडाची सवय आहे मला. डिसेंबरात उजेड जेमतेम चार तास असतो, हे खरं. मी दिवे भरपूर लावीन. तिथल्या समुद्रात बांगड्याच्या जातीचा मासा मिळतो. तिरफळं तेवढी बांधून दे. तुमची दिवाबत्तीची वेळ म्हणजे माझी दुपार, तेव्हा रोज बोलू.

परीक्षेच्या दिवसांत काशाच्या वाटीने माझ्या तळपायांना तूप चोळायचीस आणि मला झोप लागली तरी थांबायची नाहीस. आता तुझे पाय सुजतात, आणि मी इतकी लांब चालले आहे. ते मला टोचतं. म्हणून आता जे सांगते ते ऐकायचंच.

माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही, दोघांनीही. आईची साखर दर तीन महिन्यांनी तपासायची आणि रिपोर्ट मला पाठवायचा, "बरी आहे" चालणार नाही. बाबा, रक्त पातळ ठेवायची गोळी मनाने बंद करायची नाही. रात्री सोबतीला येणाऱ्या मावशींचं मी बोलून ठेवलं आहे. तुमच्याने होत नाही म्हणून नव्हे, मला झोप लागावी म्हणून. दादा पंधरवड्याला येईल, त्याच्यावर उगाच चिडू नका.

जूनमध्ये तुम्ही तिकडे यायचं आहे. तेव्हा रात्रीही उजेड असतो, बाबांना हवं तेव्हा फिरता येईल. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो याच आठवड्यात पाठवा. बाबांच्या पासपोर्टची मुदत संपत आली असेल, तर दादाला आत्ताच अर्ज भरायला सांगा.

तुमची,
माई