पुलाला सिमेंट नको, चुना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या नाल्यावरच्या दगडी पुलाची ‘दुरुस्ती’ सुरू आहे. पाचपैकी दोन कमानींच्या सांध्यांत सिमेंट भरून झालं. काम दिसायला चकाचक आहे, अडचण तीच आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांकडे गेला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापसाच्या बंड्या स्टेशनापर्यंत न्यायच्या तर नाल्यांवर पूल हवेच होते. आमच्या पुलात लोखंडाची एक सळई नाही. दगड दाब कितीही सोसतो, ताण मात्र सोसत नाही. कमानीचं सारं गणित एवढंच. पाचरीसारखे घडवलेले काळे दगड एकमेकांत दाटून बसतात. वरून बंडी जाओ की ट्रॅक्टर, वजनानं ते आणखी आवळतात आणि भार दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरतो. माथ्यावरचा शेवटचा, कळीचा दगड बसेपर्यंतच काय तो लाकडी साचा लागतो.

सांध्यांत चुना आहे. तो मळायच्या घाण्याचं दगडी चाक अजून पुलाशेजारच्या वावरात पडलंय; पोरं त्यावर बसून क्रिकेटचे रन मोजतात. आमच्याकडच्या मे महिन्यात दगड तापून फुगतो, तेव्हा चुना त्याला जरा हलू देतो. भरावात मुरलेलं पाणीही चुन्यातून बाहेर सुटतं. सिमेंट ते आत कोंडतं. परवा खाली उतरून पाहिलं, तर पाणी निघायची भोकंसुद्धा बुजवलीत आणि नव्या सिमेंटच्या कडेला आत्ताच केसाएवढी भेग पडलीय. नखानं खरवडलं तर पापुद्रा हातात आला. कठड्यातला पिंपळ कोयत्यानं छाटला, मूळ जिथल्या तिथे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. तेव्हापासून जुना पूल म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, गावात ‘पाडूनच टाका’ म्हणणारेही आहेत. त्यांची भीती खोटी नाही. पण पुरात पूल बहुतेकदा खालून जातो, पाण्यानं पायाची माती खरवडून नेली की. इथे पाया पाहायला नाल्यात एकही साहेब उतरला नाही.

उरलेल्या तीन कमानींचं काम सोमवारी सुरू होणार म्हणतात. त्याआधी चुन्याच्या कामाचा जाणकार इंजिनिअर एकदा येऊन जावा, एवढीच विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. अकोला