विनू, साओलाला पकडावे का?

ह्यू, व्हिएतनाम

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार. प्रकृती ठीक आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पुढचे ऐक.

काल गस्त पथकाबरोबर साओलाच्या, म्हणजे गाईबैलांच्या कुळातल्या लांब शिंगांच्या दुर्मिळ रानजनावराच्या, त्रुओंग सोनच्या जंगलात फिरलो. लाओस आणि व्हिएतनाम यांच्या सीमेलगतची ही सुमारे 1,100 किलोमीटर लांबीची रांग, नकाशांत अन्नाम पर्वत. दिवसभर जळवांची कृपा झाली, पण एका खुराचा ठसा दिसला नाही. दिसले ते फासे: मोटारसायकलच्या ब्रेकची तार, वाकवून ताणलेले रोपटे आणि जनावराने त्याच फटीतून जावे म्हणून घातलेले फांद्यांचे कुंपण. लावणाऱ्याला बहुधा रानडुक्कर हवे असते. फास मात्र येईल त्याला धरतो. येथील साओला अभयारण्यांतून 2011 पासून 1,00,000 हून अधिक फासे काढले गेले, आणि तरीही ते लागतातच.

साओला सीमेवरच्या गावांना पूर्वापार ठाऊक होता. शास्त्रज्ञांना तो 1992 साली व्हिएतनाममधल्या वू क्वांगच्या जंगलात, शिकाऱ्यांच्या घरांतल्या लांब शिंगांवरून कळला. सप्टेंबर 2013 नंतर कोणत्याही कॅमेऱ्यात तो आलेला नाही. उरलेले शोधून, पकडून, बंदिस्त जागेत त्यांची पैदास करावी अशी योजना आहे, आणि पुढच्या बैठकीत मला त्यावर मत द्यायचे आहे.

हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची बंदिस्त पैदास करावी का, यावरून तू माझ्याशी रात्रभर भांडला होतास आणि युक्तिवाद संपल्यावर माझ्या वाटणीचे पिठले संपवले होतेस, ते मी विसरलेलो नाही. तेव्हा मी पिंजऱ्याच्या बाजूने होतो आणि आजही आहे. परंतु तिथे मारेकरी डायक्लोफेनॅक हे गुरांना दिले जाणारे एक औषध होते आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घालता आली. तारेवर बंदी कशी घालणार? शिवाय साओलाला सांभाळणे कोणालाच साधलेले नाही. 2010 मध्ये लाओसच्या बोलीखामसाय प्रांतात गावकऱ्यांनी धरलेला साओला काही दिवसांतच मेला. म्हणजे पकडावा तर आपल्या हातून मरण्याची भीती, आणि रानात राहू द्यावा तर फासाची. या दोन्हींत मी पहिली भीती पत्करीन, कारण तिच्यावर निदान पशुवैद्याला काही करता येईल.

खरी धास्ती निराळीच आहे. शोध घेतला आणि साओला उरलाच नाही असे ठरले, तर त्याच्या नावाने येणारा गस्तीचा पैसा आटेल. मग मोठ्या शिंगांचे भेकर आणि अंगावर पट्टे असलेला ससा यांच्यासाठी या डोंगरांत फासे काढायला कोण चढेल? इथे हे बोललो तर शोधालाच विरोध करतो असे समजतील. तू निदान आधी पूर्ण ऐकून घेऊन मग भांडशील.

घराचे काम कुठवर आले? वहिनींना नमस्कार, मुलीच्या लग्नाची तारीख ठरताच कळव. आणि बैठकीआधी तुझे सगळे आक्षेप लिहून पाठव, सौम्य करू नकोस.

तुझा,
अरविंद