दोष एकट्या बाईचा कसा?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत 'डबल इन्डेम्निटी'वरची प्रेक्षकांची मतं वाचली. 1944 सालच्या हॉलिवूडच्या चित्रपटाला तुम्ही अख्खं पान दिलंत, त्याबद्दल आभार. पण मतं वाचून डोकं तापलं. बहुतेकांचा सूर एकच : बाई वाईट चालीची, तिने एका सरळमार्गी माणसाला नादी लावलं आणि नवऱ्याचा काटा काढला. सरळमार्गी? या मंडळींनी चित्रपट पाहिला, की नुसती त्या बाईचं काम करणाऱ्या बार्बरा स्टॅनविकच्या पायातली साखळी पाहिली?

विमा एजंट वॉल्टर नेफ स्वतःच्या तोंडाने सांगतो की, कंपनीला फसवायचा विचार त्याच्या डोक्यात आधीपासून घोळत होता. नवऱ्याच्या नकळत त्याचा अपघात विमा उतरवायचं त्या बाईच्या, म्हणजे फिलिसच्या मनात असतं, हे खरंच. पण आगगाडीतून पडून मेला तर 'डबल इन्डेम्निटी'च्या, म्हणजे दुप्पट भरपाईच्या कलमामुळे 50 हजारांचे लाख डॉलर मिळतील, ही वाट तिला दाखवतो नेफ. मोटारीच्या विम्याचे कागद म्हणून नवऱ्याची सही घेतो तो नेफ, आणि गाडीत दडून बसून त्याचा जीव घेतो तोही नेफच. फिलिस काही साध्वी नाही. तिची सावत्र मुलगी सांगते ते ऐकलं की थरकाप होतो. म्हणून नेफ बिचारा ठरतो का?

तो सहीचा प्रसंग मला बघवत नाही. मी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर नोकरी केली. आमच्या शाखेतल्या एका एजंटाला कोऱ्या प्रपोजल फॉर्मवर सह्या घ्यायची खोड होती. फॉर्म मागाहून तो स्वतः भरायचा. अशाच एका पॉलिसीतला माणूस वारला आणि फॉर्मवर आजाराची माहिती चुकीची निघाली. त्याची बायको तान्हं मूल कडेवर घेऊन खेपा घालत होती. अक्षर एजंटाचं आहे हे फाइल उघडणाऱ्या कुणालाही दिसत होतं. तरी कुजबुज चालायची ती 'बाईनेच लपवलं असणार' अशी. एजंट जुना, बिझनेस आणणारा. साहेबांनी त्याच्याबद्दल स्वतः ग्वाही दिली. त्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही. क्लेम नामंजूर झाला.

म्हणून मला नेफच्याच कंपनीत क्लेम तपासणाऱ्या बार्टन कीजबद्दल कुणी काही लिहायला हवं होतं. आत्महत्यांचे आकडे मालकाला धडाधड सुनावून, धावत्या गाडीतून उडी मारून केलेली एकही आत्महत्या त्यांत नाही, असं बजावणारा कीज, म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सन! पॉलिसी, खून, बाई, तिला कुणी साथीदार आहे हे, सगळं त्याला कळतं. पण नेफचं नाव निघताच तोच कीज त्याच्यासाठी जामीन राहतो, तेही डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज टिपून ठेवणाऱ्या यंत्रावर बोलून. इतका हुशार माणूस रोज समोर बसणाऱ्याला ओळखत नाही. आमचे साहेब तर कीजच्या पासंगालाही पुरले नसते. छापलेल्या मतांत मात्र कीजचा उल्लेख एका ओळीत, 'सहकलाकारही चांगले' असा!

आणखी एक. एका मतात 'ऑस्करविजेता चित्रपट' असं छापलं आहे. 'डबल इन्डेम्निटी'ला 7 नामांकनं होती, पुरस्कार एकही नाही. रॉबिन्सनला तर नामांकनसुद्धा मिळालं नव्हतं. वाचक चुकतात, पण छापण्यापूर्वी तपासायचं काम संपादकांचं आहे. येत्या रविवारी दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त विमा कर्मचारी, मिरज