चार शाली आणि अर्धी गोणी शाडू

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

परळच्या एका छोट्या मराठी शाळेत मी शिकवते. बालवाडी ते चौथी एवढीच आमची शाळा. मुलं आम्हाला ताई म्हणतात, आडनाव बहुतेकांना ठाऊकही नसतं. मैदान नाही, जिन्याखालच्या चौकात जेवढं मावेल तेवढं अंगण. दर वर्षी आषाढात एका शनिवारी आम्ही दप्तरं घरी ठेवायला सांगतो आणि आजूबाजूच्या माणसांना शाळेत बोलावतो. त्यांच्या हाताला जे येतं, ते त्यांनी मुलांना शिकवायचं. या पत्राचा संबंध त्या माणसांशी, खरं तर त्यांच्या पैशांशी आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला गणपतीचा कारखाना आहे. तिथले मूर्तिकार काका गेली चार वर्षं येतात. मागच्या वर्षी अर्धी गोणी शाडू आणला होता. बहुतेक मुलांनी गोळा हातात आल्याआल्या सोंड वळायला घेतली, एकाला तर आधी उंदीरच करायचा होता. काकांनी सगळ्यांच्या सोंडा मोडायला लावल्या. "आधी बैठक. बसायला जागा नसेल तर देव बसणार कुठं?" मग पाट, मांडी, पोट, आणि अगदी शेवटी सोंड. दुसरीतल्या एका मुलीची सोंड सारखी गळून पडत होती, म्हणून तिनं ती पाण्यात बुडवूनच चिकटवली. सोमवारी येऊन बघते तर मानेपासून पोटापर्यंत तडा. काका कामाच्या वाटेवर डोकावले, तडा बघितला आणि म्हणाले, "पाणी फार पाजलंस. सुकताना माती आकसते, मग ओढाताण होते." बाष्पीभवन हा शब्द पुस्तकात यायला तिला अजून काही वर्षं आहेत. पुढच्या मूर्तीला तिनं बोटाच्या टोकानं पाणी लावलं आणि ती टिकली.

तसेच गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात काम केलेले एक आजोबा येतात. १९८२च्या संपानंतर त्यांनी गिरणीचं तोंड पाहिलं नाही, पण तुटलेला धागा जोडायची त्यांची गाठ अजून अशी बसते, की बोट फिरवून शोधावी लागते. बुटांच्या खोक्याला खाचा पाडून मुलं त्यावर विणतात. शिवडीहून मासे विकणाऱ्या मावशी येतात आणि चौथीला वाटे घालायला शिकवतात. तीन किलो मांदेली, सारखे आठ वाटे, एका वाट्याचे किती पैसे लावायचे? आमच्या भागाकाराच्या तक्त्यापेक्षा त्यांचा भागाकार लवकर कळतो, कारण वाटा कमी पडला तर समोरची मुलगी भांडते. (त्या दिवशी शाळेत वास राहतो, हे कबूल. शाकाहारी पालकांशी आधी बोलून घेतो.)

आता मुद्द्यावर येते. जुलै म्हणजे मूर्तिकारांचा ऐन हंगाम. काका आमच्याकडे अर्धा दिवस घालवतात तेव्हा कारखान्यात दोन कारागीर रोजावर असतात आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी खोळंबते. आम्ही त्यांना काय देतो? शाल आणि श्रीफळ. मागच्या वर्षी शाल खांद्यावर घेत ते हसून म्हणाले, "ताई, माझ्याकडं आता चार झाल्या." जुलैत, मुंबईत, शाल!

रीतसर मानधन देता येईल का, म्हणून मी एका कार्यालयात विचारायला गेले. पहिला प्रश्न आला, "त्यांचं शिक्षण किती?" मी म्हटलं, सातवी. कागद माझ्याकडे परत आला. तिथल्या माणसाची चूक मी म्हणणार नाही. त्याच्यासमोर जो रकाना होता, त्यात मूर्तिकार बसत नव्हता.

शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या अनुसूचीत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, आहेत, पण ते सहावी ते आठवीला, आणि तेही पट १००च्या वर असेल तर. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दहा दिवस दप्तराविना आहेत. सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्या हाताखाली मुलांनी शिकावं असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तेही सहावी ते आठवी. आमची मुलं चौथी झाली की दुसऱ्या शाळेत जातात. त्याच धोरणाच्या दुसऱ्या एका पानावर तीन ते आठ वयाच्या मुलांनी खेळातून, कृतीतून शिकावं असं आहे. ही दोन पानं एकमेकांना भेटलेली दिसत नाहीत. लहान मुलांना कृती हवी आणि कारागीर मात्र मोठ्यांना, असा हा हिशेब झाला. शाळाही लहान असेल तर मग विचारायलाच नको.

यात नवीन असं मी काही मागत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागडी माँटेसरी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं हाताशी घेतली. पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर तर कुरणशाळाही झाली. मुलं गुरं राखायला जातात, मग शाळाच कुरणावर नेली. आमचं कुरण म्हणजे गणपतीचा कारखाना आणि मासळीची पाटी.

१००च्या पटाची अट केंद्राच्या कायद्यातली आहे, ती तुम्ही एकट्यानं काढू शकत नाही, हे मला कळतं. पण त्याहून लहान शाळांनी कारागिरांना बोलावू नये, असंही तो कायदा म्हणत नाही. २०२४ मध्ये आपल्याच राज्यानं पहिली ते आठवीसाठी कृती-उपक्रमांचा 'आनंददायी शनिवार' आणला. वार तर ठरलेला आहेच. त्या शनिवारी वर्गासमोर उभ्या राहणाऱ्या कारागिराला त्याच्या बुडालेल्या रोजाइतकं मानधन देता येईल असं एक लेखाशीर्ष काढा. पात्रतेच्या रकान्यात पदवी नको, किती वर्षं हे काम करतात ते विचारा. अनोळखी माणूस मुलांत कसा सोडायचा, ही शंका रास्त आहे. सोडू नकाच. ताई वर्गात असतेच, ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी हवी तर तीही करा. फक्त त्या पडताळणीचे हेलपाटे मावशींना घालायला लावू नका. त्यांचा बाजार पहाटे असतो.

आणि हो, फोटो. पुरावा म्हणून फोटो मागणार असाल तर मूर्ती सुकल्यावर मागा. मातीतले हात धुऊन ओळीत उभं राहायला सांगितलं की मुलांचा धागा तुटतो आणि माती वाळते.

यंदाचा शाडू आला आहे, चौकात ओल्या गोणपाटाखाली ठेवलाय. काकांना पाचवी शाल द्यायची नाही, एवढं आम्ही ठरवलंय. पाकीट देणार आहोत, पालकांच्या वर्गणीतून. त्यात किती घालायचे, यावर पालकसभेत अजून एकमत झालेलं नाही.

कळावे,

आपली,
परळच्या शाळेतली एक ताई